सिमस्केपमध्ये स्वतःची घटक-लायब्ररी बिल्ड करताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

मॅटलॅबच्या सिमस्केपमध्ये, म्हणजे वीज, उष्णता अशा भौतिक प्रणालींची मॉडेलं बनवण्याच्या साधनात, स्वतः लिहिलेल्या घटकांची लायब्ररी करायला बसलेले बहुतेक जण एकाच जागी अडतात. आधी पाच-सहा घटक लिहून होतात, मग एकदम बिल्डची (लिहिलेल्या फाइलींपासून ब्लॉकची लायब्ररी तयार करण्याची) आज्ञा दिली जाते आणि खिडकीत लाल अक्षरांची रांग लागते. त्यातली कोणती चूक समीकरणाची, कोणती फोल्डरची आणि कोणती पाथची (मॅटलॅब ज्या फोल्डरांत फाइली शोधतं त्या यादीची), हे वेगळं काढता काढता दिवस जातो. चूक लिहिण्यापेक्षा क्रमात जास्त असते. लायब्ररी बिल्ड करणं ही शेवटून दुसरी पायरी आहे. प्रत्येक घटक त्याआधीच एकटा चालवून, हाताने काढलेल्या उत्तराशी ताडून झालेला असला पाहिजे.

लेखातल्या आज्ञा, फाइलनावं आणि चिन्हं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची. आज्ञा सगळ्या लहान अक्षरांत, आणि जिथे खालची रेघ दाखवली आहे तिथे अंडरस्कोर.

उदाहरणासाठी एकच घटक घेऊ: पंपाच्या मोटरचं तांब्याचं वाइंडिंग (तारेची गुंडाळी). त्यातून वीज वाहते, त्यामुळे ते तापतं, आणि तापलं की त्याचा रोध वाढतो. घटक छोटा आहे, पण त्यात वीज आणि उष्णता अशी दोन डोमेन (भौतिक क्षेत्रं) एकत्र येतात, म्हणून होऊ शकणाऱ्या बहुतेक चुका त्यात एकदा तरी समोर येतात.

## टप्पा १: कागदावरची तयारी

एडिटर उघडण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा.

पहिली, घटकाला किती टोकं आहेत आणि प्रत्येक टोक कोणत्या डोमेनचं आहे. आपल्या वाइंडिंगला तीन आहेत: विजेची दोन (पी आणि एन) आणि उष्णतेचं एक (एच).

दुसरी, अज्ञात राशी आणि समीकरणं यांची मोजदाद. इथे अज्ञात तीन: विद्युतदाब व्ही, प्रवाह आय आणि उष्णतेचा प्रवाह क्यू. मग समीकरणंही तीनच हवीत (पी.व्ही म्हणजे पी टोकाचा विद्युतदाब, एच.टी म्हणजे एच टोकाचं तापमान):

- व्ही == पी.व्ही − एन.व्ही
- व्ही == आय × आर० × (१ + अल्फा × (एच.टी − टी०))
- क्यू == −व्ही × आय

तिसरी, पॅरामीटर आणि त्यांची एककं. आर० (टी० तापमानाला असणारा रोध) ओहममध्ये, टी० (संदर्भ तापमान) केल्विनमध्ये, अल्फा (तापमानासोबत रोध किती वाढतो त्याचा गुणांक) 'एक भागिले केल्विन'मध्ये. तांब्यासाठी २० अंश सेल्सिअसला अल्फा ०.००३९३ धरतात, म्हणून टी० ला २९३.१५ केल्विन.

दुसरं समीकरण मुद्दाम गुणाकाराच्या रूपात ठेवलं आहे. 'आय == व्ही भागिले रोध' असं लिहिलं आणि कोणी रोध शून्य दिला, तर शून्याने भागाकार होतो. शक्य असेल तिथे छेदात अज्ञात राशी किंवा पॅरामीटर येऊ देऊ नका.

तपासणी: अज्ञात किती, समीकरणं किती? आकडे जुळत नसतील तर पुढे जाऊ नका. समीकरणांत 'इफ–एल्स' वापरणार असाल तर प्रत्येक फाट्यात समीकरणांची संख्या सारखीच हवी. ही अट विसरल्यामुळे येणारा एरर फार जणांना कोड्यात टाकतो.

आणखी एक. हवा तो घटक फाउंडेशन लायब्ररीत (सिमस्केपसोबत येणाऱ्या मूलभूत ब्लॉकच्या संचात) किंवा तुमच्याकडच्या इतर सिमस्केप उत्पादनांत आधीच आहे का, ते पाहा. असेल तर तोच वापरा. लिहायचाच असेल तरी फाउंडेशनमधल्या साध्या रेझिस्टर ब्लॉकची खिडकी उघडून तिथल्या दुव्यावरून त्याचा सोर्स वाचा. लिहिण्याची रीत शिकायला इतकी चांगली जागा दुसरी नाही.

## टप्पा २: फोल्डर आणि नावं

लायब्ररी म्हणजे एक पॅकेज फोल्डर, आणि त्याच्या नावाची सुरुवात अधिक चिन्हाने व्हायला हवी. आपण नाव ठेवू '+पंपलिब'. त्यात उपविभाग हवे असतील तर त्यांचीही नावं अधिक चिन्हानेच सुरू होतात, उदाहरणार्थ '+मोटर'. बिल्ड झाल्यावर प्रत्येक उपविभाग लायब्ररीत स्वतंत्र उप-लायब्ररी म्हणून दिसतो.

हे पॅकेज फोल्डर ज्या फोल्डरमध्ये असेल त्याला मूळ फोल्डर म्हणू. मॅटलॅबच्या पाथवर मूळ फोल्डर टाकायचं, अधिक चिन्हाचं फोल्डर कधीही नाही. सगळ्यांत जास्त वेळ याच चुकीत जातो. 'फाइल तर डोळ्यांसमोर दिसते, मग मॅटलॅबला का सापडत नाही?' असा प्रश्न पडला की आधी पाथ पाहा.

'ॲडपाथ' आज्ञेने टाकलेला पाथ फक्त त्या सत्रापुरता असतो. मॅटलॅब बंद करून उघडलं की तो जातो आणि काल चाललेलं मॉडेल आज लायब्ररी सापडत नाही म्हणून रडतं. 'सेव्हपाथ' करा, किंवा प्रकल्पाच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ ठेवा.

नावांचे नियम:

- नावाची सुरुवात अक्षराने. पुढे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर चालतो. मोकळी जागा आणि मधली आडवी रेघ चालत नाही.
- फाइलचं नाव आणि आतल्या 'कॉम्पोनंट' शब्दापुढचं नाव अक्षरशः एकच हवं, लहान-मोठ्या अक्षरांसकट.
- पॅकेजला 'फाउंडेशन' किंवा मॅटलॅबमधल्या एखाद्या फंक्शनचं नाव देऊ नका.

फाइलचं एक्स्टेन्शन 'एसएससी' हवं. मॅटलॅबच्या एडिटरमधून साठवताना ती सवयीने 'एम' म्हणून साठवली जाते, आणि नोटपॅडमधून साठवली तर विंडोज मागे 'टीएक्सटी' चिकटवतं, तेही लपवून. फाइल एक्स्प्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याची सोय आधी चालू करा.

नावं आत्ताच विचार करून ठेवा. पुढे मॉडेलं तयार झाल्यावर घटकाचं नाव बदललंत, तर प्रत्येक मॉडेलमधली लायब्ररीची लिंक तुटते. पॅरामीटरचं नाव बदललंत, तर जुन्या ब्लॉकमध्ये भरलेली किंमत नव्या नावापर्यंत पोहोचत नाही.

## टप्पा ३: घटकाची फाइल लिहिणं

'कॉम्पोनंट वाइंडिंग' ही पहिली ओळ. तिला लागूनच टक्केवारीच्या चिन्हापुढे ब्लॉकचं नाव आणि दोन ओळींचं वर्णन लिहा. हेच पुढे लायब्ररीत आणि ब्लॉकच्या खिडकीत दिसतं. मध्ये रिकामी ओळ सोडू नका.

नोड्स (घटकाची टोकं). पी आणि एन साठी 'फाउंडेशन.इलेक्ट्रिकल.इलेक्ट्रिकल', एच साठी 'फाउंडेशन.थर्मल.थर्मल'. तयार डोमेनची फाइल स्वतःच्या पॅकेजमध्ये कॉपी करून ती वापरण्याचा मोह होतो. तो टाळा. आतली प्रत्येक ओळ सारखी असली तरी सिमस्केपच्या लेखी ते वेगळं डोमेन असतं. लायब्ररी विनातक्रार बिल्ड होते, पण मॉडेलमध्ये फाउंडेशनच्या ब्लॉकला तुमचा ब्लॉक जोडायला गेलात की रेघ जोडलीच जात नाही. नवं डोमेन तेव्हाच लिहा जेव्हा ती राशी फाउंडेशनमध्ये खरोखरच नाही. आणि लिहिलंत तर वाहणाऱ्या राशीवर 'बॅलन्सिंग = ट्रू' विसरू नका. सांध्यावर त्या राशीची बेरीज शून्य धरायची, हे सिमस्केपला त्यावरूनच कळतं.

पॅरामीटर. किंमत आणि एकक महिरपी कंसात, आणि ओळीच्या शेवटी टिप्पणी. ती टिप्पणी म्हणजेच वापरणाऱ्याला दिसणारं लेबल. तिथे नुसतं 'आर०' लिहू नका, '२० अंशाला रोध' असा अर्थ कळेल असं लिहा.

ब्रँचेस (प्रवाह कोणत्या टोकाकडून कुठे जातो ते सांगणारा विभाग). इथे दिशा ठरते, म्हणून इथे थांबून विचार करा. आय साठी 'पी.आय -> एन.आय'. क्यू साठी 'एच.क्यू -> *', यातला तारा म्हणजे संदर्भबिंदू. बाण एच पासून आत जातो, म्हणून क्यू धन असेल तर उष्णता घटकात *शिरते*. आपल्या वाइंडिंगमधून ती बाहेर पडते, म्हणून तिसऱ्या समीकरणात उणे चिन्ह आहे.

ते उणे चिन्ह सुटलं तर काय होतं? काहीच एरर येत नाही. एककं जुळतात, समीकरणांची संख्या जुळते, लायब्ररी बिल्ड होते, मॉडेल चालतं. फक्त वीज वाहिली की मोटर थंड होत जाते. एका विद्यार्थ्याचा प्रकल्प अशा स्थितीत आठवडाभर चाललेला मी पाहिला आहे. आलेखात तापमान उतरत होतं आणि सगळे जण कूलिंगचं मॉडेल तपासत बसले होते. लाल अक्षरात येणारी चूक परवडते, कारण ती निदान दिसते. न दिसणाऱ्या चुकीसाठीच पुढचा टप्पा आहे.

समीकरणं. समानतेला दुहेरी चिन्ह '=='. एकेरी चिन्ह म्हणजे किंमत भरणं, आणि समीकरणांच्या विभागात ते घातलंत तर एरर येतो. दुहेरी चिन्हाला डावी-उजवी बाजू नसते. ते फक्त दोन्ही बाजू सारख्या असल्या पाहिजेत एवढंच सांगतं. सी किंवा पायथनमधून आलेल्यांनी ही सवय जाणीवपूर्वक मोडावी. ओळींचा क्रमही महत्त्वाचा नाही, सगळी समीकरणं एकाच वेळी सोडवली जातात.

समीकरणांच्या विभागातच 'असर्ट' (अट पाळली जाते का ते तपासणारी ओळ) ठेवा: आर० शून्यापेक्षा मोठा असावा, नसेल तर कळेल असा संदेश. असर्ट हे समीकरण नाही, त्यामुळे मोजदाद बिघडत नाही.

इशारा: जुन्या उदाहरणांत 'सेटअप' नावाचा विभाग दिसेल. त्याची नक्कल करू नका. पॅरामीटरच्या तपासण्या असर्टने करा, आणि सुरुवातीच्या किमती व्हेरिएबलच्या घोषणेतच प्राधान्यासह द्या.

## टप्पा ४: लायब्ररीशिवाय एकट्या घटकाची चाचणी

हा टप्पा जवळजवळ सगळे वगळतात. सिमस्केपच्या युटिलिटीज विभागात 'सिमस्केप कॉम्पोनंट' नावाचा ब्लॉक आहे. तो मॉडेलमध्ये टाका आणि त्याला तुमची एसएससी फाइल निवडून द्या. टोकं आणि पॅरामीटर लगेच उमटतात. लायब्ररी बिल्ड करायची गरज नाही.

चाचणीचं सर्किट असं जोडा: १० व्होल्टचा डीसी सोर्स, प्रवाह मोजायला करंट सेन्सर, वाइंडिंग, इलेक्ट्रिकल रेफरन्स. उष्णतेच्या टोकाला हीट फ्लो रेट सेन्सर, त्यापुढे तापमानाचा सोर्स आणि थर्मल रेफरन्स. सोबत एक सॉल्व्हर कॉन्फिगरेशन ब्लॉक. वीज आणि उष्णता अशी दोन जाळी असली तरी ती वाइंडिंगमधून जोडलेली आहेत, म्हणून एकच ब्लॉक पुरतो. दोन टाकू नका.

आता हाताने काढलेली उत्तरं. आर० ५ ओहम ठेवा.

1. तापमान २९३.१५ केल्विन: रोध ५ ओहम, प्रवाह २ अँपिअर, उष्णता २० वॅट.
2. तापमान ३७३.१५ केल्विन, म्हणजे ८० अंश जास्त: रोध ५ × १.३१४४ = ६.५७२ ओहम, प्रवाह सुमारे १.५२ अँपिअर, उष्णता सुमारे १५.२ वॅट.
3. तापमानाचा सोर्स काढून तिथे १ किलो तांब्याचा थर्मल मास लावा. विशिष्ट उष्मा ३८५ ज्यूल प्रति किलो प्रति केल्विन, सुरुवात २९३.१५ केल्विनपासून. ६० सेकंदांत तापमान सुमारे ३.१ केल्विनने *वर* गेलं पाहिजे.

तिसऱ्या चाचणीत उणे चिन्हाची चूक लगेच पकडली जाते. ही चाचणी बराच वेळ चालू ठेवली तर चढण हळूहळू मंदावताना दिसेल, कारण रोध वाढतो आणि ठरावीक व्होल्टला उष्णता कमी होते. आलेख सरळ रेषेत वर जात राहिला तर अल्फा कुठेतरी शून्य राहिला आहे किंवा एच.टी ऐवजी एखादी स्थिर किंमत वापरली गेली आहे.

तपासणी: तिन्ही उत्तरं जुळली का? हे मॉडेल जपून ठेवा. लायब्ररी बिल्ड झाल्यावर हीच चाचणी पुन्हा घ्यायची आहे.

## टप्पा ५: चित्र आणि सजावट

हे काम थोडक्यात उरकतं. घटकाच्या फाइलशेजारी त्याच नावाची एसव्हीजी किंवा पीएनजी फाइल ठेवली की ती ब्लॉकचं चित्र होते. टोक ब्लॉकच्या कोणत्या बाजूला दिसावं हे नोडच्या ओळीवरच्या टिप्पणीतून किंवा 'ॲनोटेशन्स' विभागातून ठरवता येतं. उप-लायब्ररीचं नाव आणि मजकूर बदलायचा असेल तर त्या फोल्डरमध्ये 'लिब.एम' फाइल ठेवायची. आतल्या वापरापुरता असलेला आणि लायब्ररीत दिसू नये असा घटक असेल तर त्याला 'हिडन = ट्रू' द्या.

## टप्पा ६: बिल्ड

आता क्रम काटेकोर पाळा.

1. लायब्ररी वापरणारी सगळी मॉडेलं आणि आधीची लायब्ररी उघडी असेल तर तीही बंद करा.
2. मॅटलॅबचं चालू फोल्डर म्हणून मूळ फोल्डर निवडा.
3. 'एसएससी_बिल्ड पंपलिब' ही आज्ञा द्या. इथे अधिक चिन्ह लिहायचं नाही.
4. मूळ फोल्डरमध्ये 'पंपलिब_लिब' नावाची सिम्युलिंक फाइल तयार झाली का आणि तिची वेळ आत्ताची आहे का, ते पाहा.
5. 'पंपलिब_लिब' टाइप करून ती उघडा. घटक, नाव, चित्र, लेबलं नीट आहेत का बघा.

पहिल्या वेळी पॅकेजमध्ये एकच घटक ठेवून बिल्ड करा. तो झाला की दुसरा आणा, पुन्हा बिल्ड. एका फाइलमधली चूक सगळी लायब्ररी अडवते. पाच घटक एकदम आणलेत तर पाचांची दुखणी एकाच वेळी निस्तरावी लागतात. एरर आला तर त्यातलं फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक आधी वाचा, आणि सगळ्यांत वरच्या एररपासून सुरुवात करा. खालचे बरेचसे त्याच्याच पोटातले असतात.

इशारा: तयार झालेल्या 'पंपलिब_लिब' फाइलमध्ये हाताने काहीही बदलू नका. ब्लॉक सरकवले, रंग दिला, मजकूर जोडला, तरी पुढच्या बिल्डमध्ये फाइल नव्याने तयार होते आणि सगळं पुसलं जातं. बदल नेहमी एसएससी फाइलमध्ये किंवा लिब.एम मध्ये.

तपासणी: टप्पा ४ चं मॉडेल उघडा, सिमस्केप कॉम्पोनंट ब्लॉकच्या जागी लायब्ररीतला वाइंडिंग ब्लॉक लावा आणि तिन्ही चाचण्या पुन्हा चालवा. आकडे तेच आले पाहिजेत.

## बिल्ड झाल्यावर येणाऱ्या अडचणी

'फाइल बदलली, पण मॉडेलमध्ये जुनंच वागतंय.' एक तर बदलानंतर पुन्हा बिल्ड केलेलं नाही, किंवा पाथवर लायब्ररीच्या दोन प्रती आहेत. दुसरी शक्यता जास्त. डेस्कटॉपवर एक, पेनड्राइव्हवरून उतरवलेली दुसरी, असं होतंच. 'विच' आज्ञेला 'पंपलिब_लिब' आणि '-ऑल' देऊन पाहा. दोन ओळी आल्या तर एक प्रत पाथवरून काढा.

'मॅटलॅबची नवी आवृत्ती टाकली आणि लायब्ररी बिघडली.' आधी 'एसएससी_क्लीन पंपलिब', मगच बिल्ड. क्लीन फक्त बिल्डमधून निर्माण झालेल्या फाइली काढते, तुमच्या एसएससी फाइलींना हात लावत नाही.

'एककं जुळत नाहीत.' हा एरर तुमच्या बाजूचा आहे, त्याला बगल देऊ नका. 'व्हॅल्यू' फंक्शनने एकक काढून टाकून एरर गप्प करण्याची पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. ते फंक्शन अनुभवजन्य सूत्रांसाठी आहे, जिथे सूत्र मुळातच ठरावीक एककात मांडलेलं असतं. इतरत्र ते वापरलंत तर सिमस्केपची सगळ्यांत मोलाची राखण तुम्ही स्वतःच काढून घेता.

## टप्पा ७: लायब्ररी दुसऱ्याच्या हाती देणं

घेणाऱ्याला दोन गोष्टी लागतात: अधिक चिन्हाचं पूर्ण फोल्डर आणि 'पंपलिब_लिब' फाइल. फक्त दुसरी पाठवलीत तर ब्लॉक दिसतील पण मॉडेल चालणार नाही. दोन्ही एकाच मूळ फोल्डरमध्ये ठेवून पाठवा आणि ते पाथवर टाकायची सूचना सोबत लिहा. गिटवर ठेवत असाल तर एसएससी फाइली, चित्रं, लिब.एम आणि चाचणीची मॉडेलं एवढंच नोंदवा. बाकीचं बिल्डमधून पुन्हा तयार होतं.

समीकरणं उघडी द्यायची नसतील तर 'एसएससी_प्रोटेक्ट' वापरून संरक्षित, 'एसएससीपी' एक्स्टेन्शनच्या फाइली करता येतात. पण त्या मूळ फाइलींच्या शेजारी कधीही ठेवू नका. दोन्ही एका फोल्डरमध्ये असतील तर बिल्ड संरक्षित फाइलच उचलते, ती जुनी असली तरी. जुनी असल्याची सूचना येते, पण आपण ती नजरेआड करतो. मग एसएससी फाइलमध्ये कितीही बदल करा, ब्लॉक ढिम्म. त्यापेक्षा 'एसएससी_मिरर' आज्ञा वापरा. ती संपूर्ण पॅकेजची संरक्षित प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये करते, आणि तिसरा पर्याय 'ट्रू' दिला तर तिथेच लायब्ररी बिल्डही करून देते.

पाठवण्याआधी मॅटलॅब बंद करून उघडा, तुमचं कामाचं फोल्डर पाथवरून काढा, फक्त मिररची प्रत पाथवर ठेवा आणि टप्पा ४ च्या चाचण्या चालवा. २ अँपिअर, १.५२ अँपिअर आणि ३.१ केल्विन हे तिन्ही आकडे आले की मिररचं फोल्डर झिप करून पाठवा.